कोयता हातात असलेला अल्पवयीन आणि पोलिसांचे बळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मिसरूडही न फुटलेल्या मुलांनी कोयते नाचवून दहशत माजवल्याच्या बातम्या पुणे परिसरातून २०२२ च्या अखेरीस वारंवार येऊ लागल्या आणि त्या वर्षीच्या नागपूर अधिवेशनात ‘कोयता गँग’चा विषय विधानसभेतही मांडला गेला. तेव्हापासून शहरातल्या चौकांत, तसेच सोलापूर महामार्गावरच्या वरवंड, पाटस, केडगावसारख्या गावांतही एक विधान छातीठोकपणे केले जाते : ‘पोरगं अठराच्या आतलं असलं की पोलीस त्याला हात लावू शकत नाहीत, कायद्यानेच त्यांचे हात बांधलेत.’ हे विधान मुळातच चुकीचे आहे, कारण मुलाच्या हातात शस्त्र असून समोरच्याचा जीव धोक्यात असण्याचा क्षण आणि शस्त्र काढून घेऊन मुलगा ताब्यात आल्यानंतरचा क्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना लागू होणारे नियम वेगळे आहेत आणि हे विधान करणारे त्यांची सरमिसळ करतात.

पहिल्या क्षणाचे उत्तर भारतीय न्याय संहितेत आहे. या संहितेची कलमे ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काची, म्हणजे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीरावरील व मालमत्तेवरील हल्ला बळ वापरून परतवण्याच्या हक्काची आहेत, आणि हा हक्क पोलिसाला जितका आहे तितकाच सामान्य नागरिकालाही आहे. त्यातील कलम ३६ असे सांगते की, हल्ला करणारा कोवळ्या वयामुळे किंवा समज परिपक्व नसल्यामुळे गुन्ह्याच्या जबाबदारीतून सुटत असला, तरी त्याच्या हल्ल्यापासून बचाव करण्याचा हक्क तो हल्ला गुन्हा असता तर जेवढा राहिला असता तेवढाच राहतो. अगदी लहान वयाच्या मुलाबाबत कायदा एवढे स्पष्ट बोलत असेल, तर ज्याचा हल्ला निर्विवादपणे गुन्हाच ठरतो अशा सतरा वर्षांच्या मुलाबाबत शंका उरत नाही. ही तरतूद नवीही नाही, कारण १८६० च्या भारतीय दंड संहितेत ती कलम ९८ म्हणून होती. दीडशेहून अधिक वर्षे कायद्याच्या पुस्तकात असलेली गोष्ट ‘कायद्यात नाही’ म्हणून सांगितली जाते, आणि तीही अनेकदा जबाबदार माणसांकडून, हे खेदजनक आहे.

मात्र या हक्काला मोजमाप आहे. कलम ३७ नुसार बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते, कलम ३८ नुसार मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती निर्माण करणाऱ्या हल्ल्यासारख्या ठरावीक प्रसंगीच बचाव हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत जाऊ शकतो, आणि कलम ४० नुसार धोक्याची वाजवी भीती टिकते तोवरच हा हक्क टिकतो. कोयता जमिनीवर पडला, मुलगा पळून जाऊ लागला किंवा चार पोलिसांनी त्याला धरून ठेवले की भीती संपते आणि तिच्याबरोबर हक्कही संपतो. त्यानंतर मारलेली कोणतीही काठी बचावाची राहत नाही.

येथून दुसरा क्षण सुरू होतो आणि त्याला बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ लागू होतो. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या, गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यक्तीला हा कायदा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. कलम १० नुसार अशा बालकाला विशेष बाल पोलीस पथकाच्या किंवा बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यावे लागते, प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते आणि कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. या कायद्याखालील २०१६ च्या आदर्श नियमांतील नियम ८ बेड्या, साखळ्या आणि बळजबरी यांना मनाई करतो. ‘हात बांधलेत’ या समजाचा उगम बहुधा याच नियमात आहे, परंतु तो ताब्यात आलेल्या मुलाशी कसे वागावे हे सांगतो. अंगावर येणारे पाते अडवण्याचा संसदेच्या कायद्याने दिलेला हक्क एका नियमाने काढून घेतला, असा त्याचा अर्थ लावणे तर्काला धरून नाही.

या गैरसमजाची खरी हानी पुढे होते. हात बांधलेले आहेत असे एकदा मानले की ‘मग निदान चौकीत तरी चोप द्या, गल्लीतून धिंड काढा’ ही मागणी न्याय्य वाटू लागते, आणि धिंडीच्या चित्रफितींना टाळ्याही मिळतात. धिंड काढण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने पोलिसांना दिलेला नाही. बालकाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करणे तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार स्वतंत्र गुन्हा असून, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ज्या क्षणी बळ आवश्यक होते तेव्हा ते नाकारलेले आहे असे समजायचे आणि ज्या क्षणी ते निषिद्ध आहे तेव्हा त्याची मागणी करायची, असा हा उलटा व्यवहार आहे.

शस्त्र दिसताच गोळी झाडावी, असाही अर्थ येथे निघत नाही. १९९० मध्ये हवाना येथील परिषदेत स्वीकारलेली, पोलिसांनी बळ व बंदूक वापरण्याविषयीची संयुक्त राष्ट्रांची मूलतत्त्वे आधी अहिंसक उपाय वापरण्यास सांगतात आणि बंदूक जीवघेण्या, तत्काळ धोक्यापुरती राखून ठेवतात. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात २२ नोव्हेंबर २०१४ रोजी खेळण्यातले पिस्तूल बाळगणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला, गाडी पोहोचल्यापासून दोन सेकंदांच्या आत गोळी घातली गेली आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. अंतर राखून, आडोसा घेऊन बोलण्यासाठी मिळणारी काही मिनिटे तेथे कोणी घेतलीच नाहीत. कोयता हे हातभर अंतरावरचे शस्त्र असल्याने त्याच्यासमोर अंतर, ढाल, लाठी आणि पुरेसे मनुष्यबळ यांनी पुष्कळ काही साधते. मित्रांच्या देखत माघार घेणे या वयात अवघड जाते, म्हणून बघ्यांना दूर हटवणे हाही बळ टाळण्याचाच उपाय आहे.

वरवंडच्या परिसरात याला आणखी एक पदर आहे. हा उसाचा पट्टा असून पाटसला भीमा सहकारी साखर कारखाना आहे, त्यामुळे गळीत हंगामात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांवर आणि फडांत कोयता हे रोजचे अवजार असते व तो हातात घेतलेला किशोरवयीन मुलगा दिसणे नवलाचे नसते. त्या मुलाच्या बाबतीत पहिला प्रश्न त्याच्या शिक्षणाचा आणि मजुरीचा आहे. म्हणून या भागात धोका ओळखताना पात्याइतकेच हावभाव, जागा, वेळ आणि समोर कोण आहे हेही पाहावे लागते.

उरलेले समज थोडक्यात निपटता येतात. ‘पायावर गोळी मारली की जीव वाचतो’ हे खरे नाही, कारण मांडीतील मोठी धमनी तुटल्यास काही मिनिटांत मृत्यू येऊ शकतो. ‘अल्पवयीनावर गुन्हाच नोंदवत नाहीत’ हेही अर्धसत्य आहे, कारण किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या घोर अपराधात आणि प्रौढांच्या साथीने केलेल्या अपराधात प्राथमिक माहिती अहवाल नोंदवला जातो. ‘अठराच्या आतला सुटतोच’ असे म्हणणाऱ्यांनी बाल न्याय अधिनियमाचे कलम १५ वाचावे, कारण सोळा ते अठरा वयोगटातील मुलाने घोर अपराध केल्याचा आरोप असल्यास मंडळ प्राथमिक मूल्यमापन करून प्रकरण बालन्यायालयाकडे पाठवू शकते आणि तेथे प्रौढासारखा खटला चालू शकतो. ‘पोलिसांच्या गोळीने मेला तर चौकशी होत नाही’ हेही चूक आहे, कारण महाराष्ट्रातीलच प्रकरणांवरून सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात स्वतंत्र तपास आणि दंडाधिकारी चौकशी बंधनकारक केली, आणि मृताचे वय कितीही असले तरी ती लागू होते.

आणि ज्या तरतुदीची चर्चा सर्वांत कमी होते ती बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८३ मध्ये आहे : बालकाला बेकायदेशीर कृत्यांसाठी वापरणाऱ्या प्रौढाला किंवा प्रौढांच्या टोळीला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. ‘तुला काही होत नाही, तू लहान आहेस’ असे सांगून मुलाच्या हाती कोयता देणारा मोठा माणूस वर उल्लेखलेल्या गैरसमजावरच भांडवल उभारतो, त्यामुळे प्रत्येक अशा प्रकरणात शस्त्र कोठून आले आणि कोणी दिले याचा तपास या कलमाखाली होणे आवश्यक आहे.