सोयाबीन अंशदान योजना

सोयाबीन अंशदान योजना : पिकाची मागणी वाढविणे, त्याचे नवे उपयोग शोधणे व उत्पादनातील अडचणींवर संशोधन करणे यांसाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सोयाबीन उत्पादकांनी विक्रीच्या वेळी आपल्या उत्पन्नातील ठराविक हिस्सा सामाईक निधीत देण्याची कायद्याने स्थापिलेली व्यवस्था. इंग्रजीत तिला ‘चेकॉफ’ म्हणतात. कामगाराच्या वेतनातून संघटनेची वर्गणी परस्पर कापून घेण्याच्या प्रथेलाही हाच शब्द रूढ आहे आणि दोहोंतील साम्य उघड आहे : रक्कम हाती पडण्यापूर्वीच वळती होते. हा निधी सरकारी अनुदान नव्हे. पैसा उत्पादकांचा, त्याचा विनियोग ठरविणारे मंडळही उत्पादकांचे. मात्र वसुलीची सक्ती आणि देखरेख शासनाची, अशी ही मिश्र रचना आहे.

अशा योजनेची गरज पिकाच्या स्वरूपातूनच निर्माण होते. एका शेतकऱ्याचे सोयाबीन साठवण-केंद्रात पोहोचताच दुसऱ्याच्या सोयाबीनमध्ये मिसळते. त्यावर कोणाचीही मुद्रा राहत नाही. त्यामुळे एखाद्या उत्पादकाने स्वतःच्या खर्चाने मालाची जाहिरात केली किंवा रोगावर संशोधन करविले, तर त्याचा लाभ सर्वांना मिळतो आणि खर्च मात्र एकट्यावर पडतो. वर्गणी ऐच्छिक ठेवल्यास अनेक जण ती न देताच लाभ घेतात. सर्वांकडून अल्प रक्कम सक्तीने घेणे हा यावरील उपाय होय. तो प्रभावी आहे. परंतु वादाचे मूळही त्यातच आहे.

इतिहास : शेतमालाच्या प्रसारासाठी उत्पादकांवर आकारणी करण्याची कल्पना सोयाबीनपेक्षा जुनी आहे. फ्लॉरिडा राज्याने १९३५ मध्ये संत्रावर्गीय फळांवर असा कर बसविला. संघराज्याच्या पातळीवर कापसासाठी १९६६ मध्ये, दुधासाठी १९८३ मध्ये, तर गोमांस व वराहमांस यांसाठी १९८५ मध्ये कायदे झाले.

सोयाबीन उत्पादकांचे संघटन इंडियाना राज्यातील कॅमडेन येथे १९२० साली एका शेतावर भरलेल्या मेळाव्यात सुरू झाले. तेथे स्थापन झालेल्या संघटनेलाच पुढे ‘अमेरिकन सोयाबीन असोसिएशन’ हे नाव मिळाले. या संघटनेने १९५६ मध्ये टोकिओ येथे आपले पहिले परदेशी कार्यालय उघडले. पुढील काळात अनेक राज्यांनी दर बुशेलमागे (सु. २७·२ किग्रॅ.) अल्पशी आकारणी सुरू केली. तथापि दर राज्यागणिक निराळे होते आणि काही राज्यांत आकारणी नव्हतीच. ही विषमता दूर करण्यासाठी काँग्रेसने १९९० च्या कृषी अधिनियमात सोयाबीनच्या प्रसार, संशोधन व ग्राहक-माहितीविषयक तरतुदी समाविष्ट केल्या. प्रत्यक्ष वसुली सप्टेंबर १९९१ पासून सुरू झाली. आधी वसुली व मागाहून कौल, असा क्रम होता. उत्पादकांचे सार्वमत १९९४ मध्ये घेण्यात आले व योजना मंजूर झाली. पण बाजूने पडलेली मते निम्म्याहून थोडीच अधिक होती. प्रारंभी नाराज उत्पादकास रक्कम परत मागता येत असे. १९९५ मध्ये ही सवलत संपली.

कार्यपद्धती : आकारणीचा दर निव्वळ बाजारभावाच्या अर्धा टक्का आहे. ती उत्पादकाकडून थेट घेतली जात नाही. माल प्रथम विकत घेणारा, म्हणजे बहुधा साठवण-केंद्राचा चालक किंवा तेलगिरणी, देय रकमेतून ती कापून राज्य सोयाबीन मंडळाकडे भरतो. त्यातील निम्मा भाग राज्याकडे राहतो व उरलेला ‘युनायटेड सोयाबीन बोर्ड’ या राष्ट्रीय मंडळाकडे जातो. उदाहरणार्थ, ५०० एकरांवर एकरी ५० बुशेल पीक घेऊन ते बुशेलला १० डॉलर दराने विकणाऱ्या शेतकऱ्यास २,५०,००० डॉलर मिळतात. त्यांतून १,२५० डॉलर, म्हणजे एकरी अडीच डॉलर वजा होतात. एकाच्या दृष्टीने ही रक्कम लहान आहे. परंतु देशाचे वार्षिक उत्पादन चारशे कोटी बुशेलांच्या पुढे असल्याने याच दराने निधी वीस कोटी डॉलरांच्या घरात जातो. आकारणी भावाच्या प्रमाणात असल्यामुळे मंदीत ती आपोआप घटते; मात्र ती नफ्यावर नसून विक्रीवर असल्याने तोट्याच्या वर्षीही चुकत नाही.

राष्ट्रीय मंडळाचे कार्यालय मिसूरी राज्यातील चेस्टरफील्ड येथे आहे. त्याचे सत्तरहून अधिक संचालक स्वतः सोयाबीन पिकविणारे शेतकरी असतात. राज्य मंडळांनी सुचविलेल्या नावांतून कृषिमंत्री त्यांची तीन वर्षांसाठी नियुक्ती करतात. त्यांना वेतन नसते. मंडळाचे अंदाजपत्रक, करार व जाहिराती यांना कृषी खात्याची मान्यता लागते आणि या देखरेखीचा खर्चही निधीतूनच दिला जातो. दर पाच वर्षांनी उत्पादकांना नवे सार्वमत मागण्याची संधी मिळते. किमान दहा टक्के उत्पादकांनी मागणी केली, तरच ते घेतले जाते. आजवर ही संख्या कधीही गाठली गेलेली नाही. मंडळाच्या मते हे समाधानाचे लक्षण होय, तर टीकाकारांच्या मते अनास्थेचे. लाखो उत्पादकांपैकी दशांशांनी ठरावीक मुदतीत अर्ज भरणे ही अट व्यवहारात कठीण आहे, हे मान्य करावे लागते.

निधीचे कार्य : निधीचा उपयोग कसा होतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण जैव डीझेलचे आहे. सोयाबीन गाळल्यावर वजनाच्या सु. एक पंचमांश तेल व बाकी बहुतांशी पेंड मिळते. गाळप मुख्यतः पेंडीच्या मागणीवर चालते, कारण कोंबड्या व डुकरे यांच्या खाद्याला प्रथिने लागतात. पेंडीचा खप वाढला की त्याबरोबर तेलही निघते, मग त्याला गिऱ्हाईक असो वा नसो. १९९० च्या सुमारास असे तेल साचून राहत होते आणि त्याच्या पडत्या भावाचा भार संपूर्ण दाण्याच्या किंमतीवर पडत होता. सोयाबीन तेलाची मिथेनॉलाशी विक्रिया केली असता मिथिल एस्टरे व ग्लिसरीन मिळतात व ही एस्टरे डीझेल एंजिनात जळतात, हे रसायनशास्त्रास ज्ञात होते. परंतु ज्ञात विक्रिया आणि विक्रीयोग्य इंधन यांत मोठे अंतर असते. एंजिन-निर्माते हमी देईनात, इंधनाचे मानक ठरलेले नव्हते आणि धुराच्या आरोग्यावरील परिणामांची चाचणी झालेली नव्हती. ही कामे खर्चाची, रुक्ष आणि कोणत्याही एका कंपनीस न परवडणारी होती. कारण ज्याने खर्च केला त्याच्या स्पर्धकासही त्याचा तेवढाच लाभ झाला असता.

राज्य सोयाबीन मंडळांनी १९९२ मध्ये एकत्र येऊन सोया डीझेलसाठी स्वतंत्र राष्ट्रीय मंडळ स्थापन केले. तेच पुढे ‘नॅशनल बायोडीझेल बोर्ड’ म्हणून व २०२२ पासून ‘क्लीन फ्युएल्स अलायन्स अमेरिका’ म्हणून ओळखले जाऊ लागले. शुद्ध हवाविषयक कायद्याने सांगितलेल्या आरोग्य-चाचण्यांचे दोन्ही टप्पे २००० पर्यंत पार पडले. पर्यायी इंधनांत हे टप्पे पूर्ण करणारे जैव डीझेल पहिले होते. त्यानंतर इंधनाचे अधिकृत मानकही निश्चित झाले. अमेरिकेतील सोयाबीन तेलाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग अलीकडे जैव इंधनांकडे जातो. तथापि हे यश केवळ प्रयोगशाळेचे नव्हे. करसवलतीचा २००४ चा कायदा आणि नवीकरणीय इंधनाचे २००५ व २००७ चे कायदे झाले नसते, तर चाचण्यांचे अहवाल कपाटातच राहिले असते. हे कायदे व्हावेत म्हणून अंशदानाचा एक डॉलरही खर्च करणे निषिद्ध होते. शेतकऱ्यांच्या संघटनांना तो खटाटोप वेगळ्या पैशाने करावा लागला.

पीकसंरक्षणातील कार्य कमी दिसणारे पण शेतकऱ्याला जवळचे आहे. आशियाई तांबेरा हा सोयाबीनवरील कवकजन्य रोग नोव्हेंबर २००४ मध्ये लुइझिॲना राज्यात प्रथम आढळला. त्यानंतरच्या हंगामात कृषी खाते व सोयाबीन निधी यांच्या साहाय्याने दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत लहान लहान टेहळणी-वाफे लवकर पेरण्यात आले. वाफ्यात तांबेरा दिसला की भोवतालच्या शेतकऱ्यांना फवारणीची सूचना मिळे. न दिसला तर अनावश्यक फवारणीचा खर्च वाचे. सूत्रकृमींवरील संशोधन आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोयाबीनच्या जीनोम-वाचनाचे काही काम यांनाही निधीची मदत झाली.

तेलाच्या गुणवत्तेचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने उभा राहिला. सोयाबीन तेल तळणीत टिकावे म्हणून त्याचे अंशतः हायड्रोजनीकरण करीत. त्यातून निर्माण होणारी ट्रान्स-मेदाम्ले हृदयास अपायकारक ठरली. वेष्टनावर त्यांचे प्रमाण छापणे २००६ पासून सक्तीचे झाले व २०१५ मध्ये अशा तेलांची सुरक्षित अन्नघटक ही मान्यता काढण्यात आली. खाद्योद्योग इतर तेलांकडे वळू लागला. मंडळाने हायड्रोजनीकरणाशिवाय टिकणारे, ओलेइक अम्ल अधिक असलेले सोयाबीन रुजविण्यासाठी बराच निधी खर्च केला. गेलेली बाजारपेठ मात्र पूर्णपणे परत आली, असे म्हणता येत नाही. मोटारीच्या आसनांतील फेस (फोर्ड कंपनीची २००८ ची मस्टँग गाडी) व टायरांचे रबर (गुडइयर कंपनी, २०१७) यांत सोया तेल वापरण्याचे प्रयोग गाजले. त्यांत खपणारे तेल इंधनाच्या मानाने फारच थोडे आहे.

मर्यादा व वाद : शासकीय धोरणावर प्रभाव पाडण्यासाठी निधी वापरण्यास कायद्याने मनाई आहे. सक्तीने घेतलेल्या पैशाने देणाऱ्याच्या मताविरुद्ध राजकारण होऊ नये, हा त्यामागील न्याय आहे. परंतु सोयाबीनचा भाव अनेकदा राजकारणावरच ठरतो. चीनची बाजारपेठ हे याचे ठळक उदाहरण. उत्पादक संघटनेने बीजिंग येथे १९८२ मध्ये कार्यालय उघडले, त्या वेळी चीनमध्ये सोयाबीनची आयात नगण्य होती. पेंडयुक्त खाद्यावर डुकरे, कोंबड्या व मासे वाढविण्याची प्रात्यक्षिके तेथे वर्षानुवर्षे करण्यात आली. पुढे चीन जगातील सर्वांत मोठा सोयाबीन आयातदार झाला. जुलै २०१८ मध्ये व्यापारी संघर्षात चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा आयातशुल्क बसविले आणि तीन दशकांहून अधिक काळ जोपासलेली ही बाजारपेठ काही महिन्यांत आक्रसली. मागणी ब्राझीलकडे वळली. पेंडयुक्त खाद्याचा प्रसार अमेरिकी शेतकऱ्यांच्या खर्चाने झाला होता. सवय लागलेले गिऱ्हाईक मात्र दाणा कोणत्या देशाचा, हे पाहत नाही. आयातशुल्काविरुद्ध बोलण्याची मंडळास मुभा नव्हती. ते काम सभासद-वर्गणीवर चालणाऱ्या ‘अमेरिकन सोयाबीन असोसिएशन’ने केले.

सक्तीचा प्रश्न न्यायालयांतही गेला आहे. न पटणाऱ्या जाहिरातीसाठी पैसे द्यावयास लावणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग होय, असा आक्षेप होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील फळउत्पादकांचा आक्षेप फेटाळला, २००१ मध्ये अळिंबी उत्पादकांचा मान्य केला आणि २००५ मध्ये गोमांसाच्या अंशदानाविषयी निर्णय देताना अशी जाहिरात हे शासनाचेच वक्तव्य असल्याने नागरिकास त्याविरुद्ध तक्रार करता येत नाही, असे ठरविले. सोयाबीनची योजना याच शेवटच्या निर्णयाच्या आधारे निर्वेध राहिली. हा आधार काहीसा विचित्र आहे. कारण शेतकऱ्यांना हा निधी ‘तुमचा’ म्हणून सांगितला जातो, तर न्यायालयात त्याचा प्रचार शासनाचा ठरतो.

उत्पादक संघटना व मंडळ यांच्यातही मतभेद झाले. संघटनेने डिसेंबर २००८ मध्ये मंडळाच्या खर्चाची व कारभाराची चौकशी करण्याची मागणी कृषी खात्याच्या महानिरीक्षकांकडे केली होती. पुढे दोघांचे सहकार्य पूर्ववत झाले.

लाभाचे मोजमाप दर पाच वर्षांनी स्वतंत्र अर्थतज्ञांकडून करवून घ्यावे लागते. २०१९ च्या मूल्यमापनात एका डॉलरमागे उत्पादकांना १२·३४ डॉलर लाभ झाल्याचे अनुमान निघाले. असे आकडे संख्याशास्त्रीय प्रतिमानांवर अवलंबून असतात आणि निधी नसता तर काय झाले असते, या प्रत्यक्ष न पाहता येणाऱ्या स्थितीशी ते तुलना करतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. शिवाय सरासरी लाभ सर्वांस सारखा मिळत नाही. उत्पादन वाढविणाऱ्या संशोधनाने भाव उतरतो. नवे वाण प्रथम घेणाऱ्यास फायदा होतो, मागाहून येणाऱ्यास उतरलेला भाव मिळतो.

भारताशी संबंध : या निधीच्या साहाय्याने चालणारी ‘यू. एस. सोयाबीन एक्स्पोर्ट कौन्सिल’ ही निर्यात परिषद भारतातही कुक्कुटपालन, मत्स्यसंवर्धन व आहारातील प्रथिने यांविषयी प्रसारकार्य करते. भारतातील सोयाबीन मुख्यतः मध्य प्रदेश व महाराष्ट्र या राज्यांत पिकते. महाराष्ट्रात विदर्भ व मराठवाडा हे त्याचे प्रमुख प्रदेश होत. मात्र येथील उत्पादकांचा असा कायदेशीर सामाईक निधी नाही. इंदूर येथील ‘सोपा’ ही १९७९ मध्ये स्थापन झालेली संस्था मूलतः प्रक्रिया-उद्योजकांची आहे. महाराष्ट्रात या कल्पनेच्या सर्वांत जवळचे उदाहरण उसाचे आहे : पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट (स्थापना १९७५) ही संशोधन संस्था साखर कारखान्यांनी गाळपाच्या प्रमाणात दिलेल्या वर्गणीवर उभी राहिली. ऊस कारखान्याच्या काट्यावर एका ठिकाणी जमा होत असल्याने अशी कपात सोपी जाते. सोयाबीन मात्र अनेक अडत्यांच्या हातांतून बाजार समित्यांत विकले जाते. तेथे आकारला जाणारा बाजार शुल्क खरेदीदाराकडून वसूल होतो आणि तो समितीच्या कारभारासाठी व सोयींसाठी असतो, पिकासाठी नव्हे. [⟶ सोयाबीन].