फ्लोराईड : दातांचे रक्षण आणि प्रमाणाचे भान

आमच्या निवासी विद्यालयातील बहुतेक मुले शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतून येतात. या घरांतून दात घासण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या राखुंडी, कोळसा वा मिश्री वापरली गेली. यांनी दात घासले जातात, पण किडीपासून त्यांचे रक्षण होत नाही. मिश्री तर तंबाखूच आहे. म्हणून फ्लोराईडचा विषय पालकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गोड व पिठूळ अन्नापासून तोंडातील जिवाणू आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताच्या कठीण आवरणातील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळवते. लाळ ही झीज भरून काढू पाहते. फ्लोराईड त्या कामास साहाय्य करते आणि आवरण आम्लापुढे अधिक टिकाऊ बनवते.

या शोधाचा इतिहास बोधप्रद आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्स येथे १९०१ साली दंतवैद्य फ्रेडरिक मॅके यांना अनेकांच्या दातांवर तपकिरी डाग आढळले. पुढे अशा दातांना कीड कमी लागते, हेही ध्यानात आले. पाण्यातील अतिरिक्त फ्लोराईड हे डागांचे कारण १९३१ मध्ये उमगले. १९४५ पासून ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ते अल्प प्रमाणात मिसळले गेले. त्यानंतर जन्मलेल्या मुलांमधील कीड सुमारे ६० टक्क्यांनी घटली.

म्हणजे एकच द्रव्य, अल्प असता तारक आणि अति असता मारक. यवतमाळमधील पांढरकवडा व नांदेडमधील किनवट या भागांत भूजलातील अतिरिक्त फ्लोराईडचा प्रश्न गंभीर आहे. असे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने दात डागाळतात, सांधे व हाडे ताठरतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंतच फ्लोराईड चालते.

आपल्या जालना जिल्ह्यात दुष्काळामुळे बोअर अधिकाधिक खोल जात आहेत. खडकात दीर्घकाळ साठलेल्या पाण्यात फ्लोराईड वाढू शकते. ते चवीला कळत नाही, उकळल्यानेही जात नाही. म्हणून नव्या बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. दोष आढळल्यास उपाय आहेत. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने चुना व तुरटी वापरणारी ‘नलगोंडा’ पद्धत विकसित केली आहे.

पाणी निर्दोष असल्यास फ्लोराईडयुक्त पेस्टची भीती बाळगण्याचे कारण नाही. सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी दात घासावेत. तीन वर्षांखालील बालकास तांदळाच्या दाण्याएवढी, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ती गिळू नये, थुंकून टाकावी.

अफवेवर विसंबून पेस्ट टाळणे आणि न तपासता पाणी पिणे, दोन्ही घातकच. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी पाणी तपासणीसाठी पुढाकार घ्यावा, असे आमचे आवाहन आहे.