वार्ता आणि विवेक

वार्ता कळणे ही एक गोष्ट आणि ती समजणे ही दुसरी. या दोहोंमधील अंतर पूर्वी घरातील एखादा वाचता येणारा मनुष्य भरून काढी. आज वार्ता प्रत्येकाच्या तळहातावर येऊन पडते, आणि तो मधला मनुष्य मात्र दिसेनासा होत चालला आहे. त्याच्याविषयी चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस आमच्या मनात होते.

१९८० च्या सुमारास आम्ही नऊ-दहा वर्षांचे होतो. सुरतेतील आमच्या चाळीत बहुतेक कुटुंबे खानदेशातून पोटासाठी आलेली. पुरुष मागावर कामाला जात, अक्षरओळख थोड्यांनाच. धुळे-जळगावकडून पंधरा पैशांचे पोस्टकार्ड आले की ते वाचून दाखविण्यासाठी आम्हांस बोलावणे येई. आम्ही मजकुराला हात घालण्याआधीच वडीलधारी मंडळी तीन प्रश्न विचारीत : ‘अक्षर कोणाचं? तारीख कोणती? शिक्का कुठल्या टपालाचा?’ अक्षर परके असेल, तर लिहिणाऱ्याने आपल्या पदरचे काही घातले असावे, असा संशय. तारीख जुनी असेल, तर आजारी माणूस एव्हाना बरा झाला असेल, असा दिलासा. ती माणसे निरक्षर होती. परंतु पत्र कसे वाचावे हे आम्हांस त्यांनीच शिकविले, असे आज वाटते.

सांप्रत आमचे वास्तव्य पर्वत पाटिया येथे आहे. रिंगरोडवरील कापड मार्केटात काम करणारी असंख्य कुटुंबे या बाजूस राहतात. लिंबायत, गोडादरा, डिंडोली या आसपासच्या वस्त्यांतून मराठी आणि अहिराणी घरोघरी ऐकू येते. पूर्वी साडीचे नमुने पेटीत घालून दलाल गावोगाव हिंडत. आता साडीचे छायाचित्र क्षणात दूरच्या व्यापाऱ्याकडे जाते आणि संध्याकाळी पार्सल बांधले जाते. भरतकामाची नक्षी संगणकावर तयार होते. गावी राहिलेल्या आईचा चेहरा रोज रात्री फोनवर दिसतो. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, तेव्हा तारवाला दारात दिसताच रडारड सुरू होण्याचा तो काळही संपला. या सुखाला नावे ठेवण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही.

परंतु वार्ता अपुरी किंवा खोटी असली म्हणजे काय होते, हे या शहराने पाहिले आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची वार्ता पसरली. आम्ही तेव्हा शिक्षकी पेशात नुकतेच पाऊल टाकले होते. पाण्यात विष कालवल्याची आवई प्रथम उठली. मग प्लेगचे नाव आले. अवघ्या काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसांनी रेल्वेचे फलाट भरून गेले. वस्तुतः वेळेवर औषध मिळाल्यास हा रोग बरा होतो, आणि त्यासाठी टेट्रासायक्लिनसारखी औषधे उपलब्ध होती. पण हे समजावून सांगणारा विश्वासाचा आवाज घरोघरी पोहोचण्यापूर्वीच भीती पोहोचली होती. त्या वेळी कोणाच्या खिशात मोबाइल नव्हता. अर्थात अफवा ही यंत्राची निर्मिती नव्हे. यंत्राने तिला वेग तेवढा दिला.

पुढे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षणच फोनवरून होऊ लागले. दूरदर्शनच्या गिरनार वाहिनीवर पाठ लागत. आमच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी शिक्षक आपापले पाठ ध्वनिमुद्रित करून पाठवीत. पण पुष्कळ घरांत फोन एकच, आणि तो वडिलांच्या खिशात. टाळेबंदी उठल्यावर वडील सकाळी मार्केटला जात ते रात्री नऊला परतत. मुलांचा गृहपाठ आमच्याकडे साडेनऊनंतर येऊ लागे. कधी कधी एकाच फोनवरून तीन भावंडांच्या वह्यांची छायाचित्रे येत. त्या दिवसांत एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. घरातील सर्वांत चांगला वाचक आता घरातील मूल झाले होते. सरकारी सूचना गुजरातीत येत, औषधाच्या वेष्टनावर इंग्रजी असे, नातलगांचे निरोप मराठीत येत. आणि हे सारे आईवडिलांना उलगडून सांगणारे पाचवी-सातवीतील पोर असे.

त्या वाचकाचे मोल काय, हे आम्हांस जून २०२५ मध्ये कळले. त्या महिन्याच्या अखेरीस मुसळधार पाऊस झाला आणि सुरतेतील खाड्यांना पूर आला. आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी होते. रात्री दहाच्या सुमारास इमारतीच्या गटावर एक चलच्चित्र आले : धरणाच्या दारांतून पाण्याचे प्रचंड लोट कोसळत आहेत, आणि खाली मराठीत मजकूर : ‘उकाई धरणाची सर्व दारे उघडली, सुरत बुडणार, वर जा.’ येथे एक कबुली देणे आम्हांस प्राप्त आहे. क्षणाचाही विचार न करता आम्हीच तो निरोप आपल्या सहकारी शिक्षकांना पुढे पाठविला. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने शहराचा बहुतांश भाग बुडाला होता. ती आठवण आमच्या बुद्धीपुढे धावली.

इमारतीत एकच कल्लोळ झाला. तळमजल्यावरील दम्याने आजारी अशा एका आजोबांना चौघांनी खुर्चीत घालून, भर पावसात, चार मजले चढवून गच्चीवर नेले. त्यांना धाप लागली, ओठ निळे पडू लागले. त्यांच्या पत्नी थरथरत म्हणत होत्या, “मराठीत लिहिलंय हो, म्हणजे आपल्याच माणसानं लिहिलं असणार!”

तेवढ्यात आमच्याच शाळेतील, सातवीतील एक मुलगी पुढे आली. म्हणाली, “सर, हा व्हिडिओ आजचा नाही. यात कडक ऊन पडलेलं दिसतंय. आपल्याकडे दोन दिवस सूर्य कुठे दिसलाय?” आम्ही निरुत्तर झालो. तिने आपल्या आईच्या फोनवर महानगरपालिकेचे संकेतस्थळ उघडले आणि उकाईची पातळी काढून गुजरातीतील माहिती मोठ्याने मराठीत वाचून दाखविली. धरणाची पूर्ण पातळी ३४५ फूट. जलाशय त्याहून पुष्कळच खाली होता. शिवाय आमच्या गल्लीतील पाणी खाडीचे होते, आणि खाडीला पूर येतो तो पलसाणा-बारडोलीकडील व शहरातील पावसामुळे. उकाई तर शंभरेक किलोमीटर दूर, तापीवर. एवढा भूगोल आम्ही वर्गात दरवर्षी शिकवितो. त्या रात्री तो आमच्या विद्यार्थिनीला आठवला, आम्हांस नाही.

आजोबांना खाली आणले. आठ दिवस ते अंथरुणास खिळून होते. सुदैवाने बरे झाले. आम्ही सहकाऱ्यांना त्याच रात्री दुसरा निरोप पाठवून चूक कबूल केली. पण पहिला निरोप तोवर कोठकोठे गेला असेल, हे कोण सांगणार? जळगावकडील नातलगांचे रडवेले फोन पहाटेपर्यंत येतच होते.

त्या आजींचे उद्गार आम्ही विसरू शकत नाही. परप्रांतात आपली भाषा दिसली की मन विसावते, हे स्वाभाविकच आहे. परंतु आपली भाषा म्हणजे सत्याचा दाखला नव्हे. बृहन्महाराष्ट्रातील आपल्या घरांना एक वेगळे सामर्थ्य लाभले आहे : आपली मुले दोन-तीन भाषा आणि दोन-तीन लिप्या सहज वाचतात. मराठीत आलेली वार्ता त्या त्या प्रांताच्या भाषेतील अधिकृत सूचनेशी ती ताडून पाहू शकतात. केवळ मराठी वाचणाऱ्यास किंवा मराठी विसरलेल्यास हे साधत नाही. म्हणून मुलांचे मराठी टिकवा, आणि स्थानिक भाषेचा कंटाळाही त्यांना करू देऊ नका.

आमच्या शाळेत आता शनिवारी एक तास यासाठी ठेवला आहे. मुले घरी आलेला एखादा निरोप वहीत लिहून आणतात आणि वर्ग त्याला तेच जुने प्रश्न विचारतो : अक्षर कोणाचे? तारीख कोणती? शिक्का कुठला? म्हणजेच, हे मुळात कोणी सांगितले, केव्हाचे आहे, आणि कोठून निघाले? उत्तर सापडले नाही, तर निरोप पुढे जात नाही. हे तीन प्रश्न आपल्या घरीही रात्रीच्या जेवणाच्या वेळी विचारले जावेत, आणि मुलांनी ते आपल्याला विचारले, तर रागावू नये. त्या गच्चीवर आमच्या विद्यार्थिनीने आम्हांस विचारले, तेव्हा क्षणभर वाईट वाटले खरे. परंतु चाळीतील त्या निरक्षर वडीलधाऱ्यांना तिचे मोठे कौतुक वाटले असते.