तीन रंगांचे गणित

घराला रंग द्यावयाचे ठरले, की दुकानातून रंगांच्या नमुन्यांची पुस्तिका येते आणि घरातील प्रत्येकाच्या मनात निराळा रंग भरतो. भिंती, पडदे, चादरी, खुर्च्या यांसाठी सात-आठ रंग निवडले जातात. त्यांतील प्रत्येक रंग सुटा पाहिला तर सुरेख असतो. पण सारे एकत्र आले म्हणजे खोलीत गलबला माजतो. पैसा तर खर्च होतोच, शिवाय तो गलबला डोळ्यांना पुढे कित्येक वर्षे सोसावा लागतो. म्हणून जाणकार सांगतात, की एका रचनेत मुख्य रंग तीनच असावेत. परंतु हा सल्ला अर्धाच झाला. रंग किती, याहून कोणता रंग किती प्रमाणात, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

इरकली लुगड्यात या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीपासून विणलेले आहे. बागलकोट जिल्ह्यातील इळकल गावचे हे लुगडे मराठी घरांतही पिढ्यान्‌पिढ्या नेसले गेले. त्याच्या एका जुन्या प्रकारात अंग गर्द निळसर-काळे, काठ व पदर तांबडा, आणि पदरातील तीन तांबड्या भागांच्या मध्ये दोन पांढरे भाग अशी मांडणी असते. सर्वांत अधिक जागा गडद रंगाला, त्याहून कमी तांबड्याला, आणि अगदी थोडी पांढऱ्याला. म्हणूनच तो थोडासा पांढरा रंग दुरूनही उठून दिसतो. येथे अंगाचा ताणा व पदराचा ताणा वेगवेगळा करून त्यांचे धागे फाशांनी एकमेकांत गुंतवतात. त्यामुळे अंगाचे गडद उभे धागे पदरात शिरत नाहीत आणि पदराचा तांबडा रंग स्वच्छ राहतो. प्रत्येक रंगाला आपली हद्द आहे, हे त्या विणीचेच शिक्षण आहे.

हेच तत्त्व हॉलंडमधील कलावंतांनी निराळ्या वाटेने गाठले. पीट मोंड्रियान याने आपली चित्रे तांबडा, निळा व पिवळा या तीन मूळ रंगांवर उभारली. पण त्यांतील कित्येक चित्रांत बहुतेक जागा पांढरी असून काळ्या रेघांमध्ये रंगाचे मोजकेच चौकोन आहेत. गेरिट रीटफेल्ट याने १९२४ साली उत्रेख्त शहरात श्रोडर बाईंसाठी जे घर बांधले, त्याच्या बाहेरच्या भिंती पांढऱ्या व करड्या असून तांबडा, निळा, पिवळा हे रंग मुख्यतः बारीक खांब-तुळयांना दिले आहेत. पुढे १९६५ साली पॅरिसमध्ये इव्ह सां लोराँ याने मोंड्रियानच्या चित्रांवरून स्त्रियांचे पोशाख केले. त्यांतील रंगांचे चौकोन छापलेले नव्हते. निरनिराळ्या रंगांचे कापड कापून ते शिवणीने जोडलेले होते.

व्यवहारात हे प्रमाण स्थूलमानाने साठ, तीस आणि दहा असे धरतात. साठ भाग भिंती व जमीन यांचे, तीस भाग पडदे व लाकूडसामान यांचे, आणि दहा भाग उशांचे अभ्रे, फुलदाणी, तसबिरीची चौकट अशा किरकोळ वस्तूंचे. एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटा निराळ्या मोजू नयेत. मात्र जे बदलता येत नाही, ते आरंभीच हिशेबात धरावे. शहाबादी फरशीचा करडा किंवा सागवानी दारांचा तपकिरी हाही रंगच आहे; तो विसरून तीन रंग निवडले, की प्रत्यक्षात पाच होतात. निवडलेला रंग भिंतीवर हातभर लावून दिवसा व दिव्याच्या उजेडात पाहावा, आणि मगच डबे आणावेत.

भाड्याच्या घरात पहिले दोन रंग बहुधा घरमालकाचे असतात. तिसरा तेवढा राहणाऱ्याच्या हाती उरतो, आणि तो सर्वांत स्वस्तही असतो. चार अभ्रे बदलले तरी खोलीचा चेहरा पालटतो. परंतु हा तिसरा रंग थोडा आहे, तोपर्यंतच. तो वाढू लागला, की त्याचे तेज जाते आणि पुन्हा गलबला सुरू होतो.