दीड मिनिट

'छावा' संपल्यावर संगमनेरात लोक खुर्चीतून उठतच नाहीत, असं कानावर आलं आणि मी थिएटरात गेले. बसले मात्र दारावरच्या काकांजवळ.

14 फेब्रुवारी 2025 ला लागलेला लक्ष्मण उतेकरांचा शंभूराजांवरचा हा सिनेमा दोन तास एकेचाळीस मिनिटांचा. लढाया लोक विसरतात. घरी जाताना सोबत येतात ते साखळदंड, जखमांवर चोळलेलं मीठ, तापलेल्या सळया. 11 मार्च 1689 ला शंभूराजांचं काय झालं, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कैद झालेल्या शंभूराजांना औरंगजेबापुढे उभं केलं तो पेडगावचा बहादूरगड तर आपल्याच जिल्ह्यात, श्रीगोंद्यात. ठाऊक असून उपयोग शून्य. पडद्यावर शंभूराजे झालेल्या विकी कौशलच्या डोळ्यांजवळ सळई आली आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या धिप्पाड माणसाने टोपीत तोंड लपवलं.

एरवी नावं सुरू झाली की दिवे लागतात. या सिनेमाला काका ऑपरेटरला दीड मिनिट थांबायला लावायचे. "माणसाला तोंड पुसायला तेवढं तरी लागतंच ना." पुढच्या शोची गर्दी बाहेर ताटकळलेली, झाडलोट व्हायची, मॅनेजरची घाई. तरी दीड मिनिट. कुणी घोषणा द्यायचं, अर्ध्यात आवाज फाटायचा.

मग झाडू. इंटरव्हलला हौसेने घेतलेले पॉपकॉर्नचे डबे खुर्च्यांखाली भरलेलेच सापडायचे. लोणी आणि फिनेलचा तो एकत्र वास मला अजून येतो.

मोठ्यांच्या या रडण्याला मी हात जोडते. पण हमसून रडणाऱ्या लेकराची हनुवटी वर करून मोबाईलवर शूटिंग करणारा बाप बघितला आणि संताप आला. प्रमाणपत्र यूए 16+ आहे. म्हणजे सोळाच्या आतल्यांना दाखवायचं का, हे आईबापांनी ठरवायचं. ठरवतं कोण?

काका आपल्या परीने इंटरव्हललाच सांगत फिरायचे, "शेवटाला पोरांना बाहेर आणा, बाकड्यावर बसवा." त्या रात्री एक बाई चार-पाच वर्षांच्या मुलाला घेऊन बाहेर आली खरी, पण तिचे कान आतच होते. काकांनी दार किलकिलं केलं.

"जा ताई, बघून या. याला मी सांभाळतो."