झोपेत उतरणारा नंबर

‘लेन्स घालून झोपायचं नाही.’ कॉन्टॅक्ट लेन्स हातात देताना डॉक्टर हे बजावून सांगतात, आणि त्यामागे कारण आहे. डोळा मिटला की बाहुलीवरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, मिळणारा प्राणवायू उघड्या डोळ्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर येतो. त्यावर लेन्सचं झाकण पडलं की जंतूंचं फावतं. तरीही हाँगकाँग, तैवान आणि चीनमधली असंख्य मुलं रोज रात्री मुद्दाम कडक लेन्स घालून झोपतात. सकाळी ती लेन्स काढतात आणि चष्मा न लावता शाळेत जातात. फळा स्वच्छ दिसतो, खेळताना नाकावर काही घसरत नाही. लेन्स वापरायची थांबवली की काही दिवसांत मायनस नंबर परत येतो. या पद्धतीला ऑर्थोकेरेटॉलॉजी म्हणतात, रोजच्या बोलण्यात ‘ऑर्थो-के’. आता आपल्या शहरांतल्या दवाखान्यांतही पालक तिच्याबद्दल विचारू लागले आहेत, म्हणून तिची गोष्ट मुळापासून सांगायला हवी.

ती सुरू होते एका आजारी डोळ्यापासून. न्यूटन वेस्ली हे ओरेगॉनमध्ये जन्मलेले, जपानी वंशाचे ऑप्टोमेट्रिस्ट. त्यांचं मूळ आडनाव उयेसुगी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या नागरिकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत कोंडलं, त्यांत तेही होते. तिथून सुटून ते इंडियानाला आणि पुढे शिकागोला आले. त्यांना केरॅटोकोनस होता. या विकारात कॉर्निया पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो, चष्म्याने तो सुधारत नाही. आपली दृष्टी जाणार, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. तेव्हा त्यांनी जॉर्ज जेसन या सहकाऱ्याबरोबर स्वतःच्या डोळ्यांसाठी प्लास्टिकच्या लेन्सवर काम सुरू केलं. डोळ्याचा बेढब उंचवटा एका गुळगुळीत वक्र पृष्ठभागाखाली झाकायचा, ही साधी कल्पना. लेन्स बसली, दृष्टी टिकली, आणि त्यातूनच दोघांचा लेन्स बनवण्याचा मोठा उद्योग उभा राहिला.

कडक लेन्स वापरणाऱ्यांच्या बाबतीत त्या काळच्या तज्ज्ञांना एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली होती. लेन्स काढल्यावरही काही वेळ माणसाला चष्म्याशिवाय बरं दिसे. इतरांना ही डोकेदुखी वाटत होती, कारण त्यामुळे नंबर नीट काढता येत नसे. जेसन यांनी तिचाच उपाय केला. डोळ्याच्या गोलाईपेक्षा मुद्दाम चपटी लेन्स बसवून कॉर्निया चपटा करायचा, ही पद्धत त्यांनी १९६२ साली ‘ऑर्थोफोकस’ या नावाने मांडली.

पुढची वीस-पंचवीस वर्षं निराशेची. लेन्स ज्या प्लास्टिकची होती, त्यातून प्राणवायू जातच नव्हता, म्हणून ती दिवसाच वापरावी लागे. चपटी लेन्स डोळ्यावर ठरत नसे, वर-खाली सरके आणि कॉर्नियाला भलताच आकार देई. १९८३ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या अभ्यासातून निष्कर्ष निघाला तो एवढाच, की नंबर सरासरी एकाच्या आसपास उतरतो आणि कोणाचा किती उतरेल हे आधी सांगता येत नाही. अनेकांनी विषय तिथेच सोडला.

वळण आलं ते लेन्सच्या मागच्या बाजूला. १९८० च्या दशकाच्या शेवटी रिचर्ड व्लोडिगा आणि निक स्टोयन यांनी तिथे एक उलटी पायरी कोरली. मध्यभाग चपटा, त्याच्या भोवतीचं कडं मात्र मध्यापेक्षा जास्त वळलेलं. कड्याबाहेरचा भाग डोळ्याच्या गोलाईला धरून बसतो, त्यामुळे लेन्स सरकत नाही. जोडीला प्राणवायू सहज जाऊ देणारं नवं साहित्य आलं आणि कॉर्नियाचा नकाशा काढणारी यंत्रं आली. डोंगराच्या नकाशावर उंचीच्या रेषा असतात, तसा हा नकाशा लाल-निळ्या रंगांत डोळ्याचे चढ-उतार दाखवतो. २००२ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रात्रभर घालायच्या अशा लेन्सला पहिल्यांदा परवानगी दिली.

लेन्स कॉर्नियाला दाबून वाकवते, असा समज सर्रास आढळतो. तसं होत नाही. लेन्स आणि डोळा यांच्यामध्ये अश्रूंचा अतिशय पातळ थर असतो. मध्यभागी हा थर फारच बारीक आणि कड्याखाली खोल असल्यामुळे मध्यावर दाब येतो, कड्याखाली ओढ निर्माण होते. कॉर्नियाच्या सर्वांत वरच्या त्वचेची जाडी सुमारे ५० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कमी. ती पेशींच्या पाच ते सात थरांची असते. सिडनीच्या हेलन स्वारब्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की मध्यावरचा बदल मुख्यतः याच त्वचेत होतो. तिथे ती पातळ होते, भोवती कॉर्निया जाड होतो. पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत दिसलं, की लेन्स घालून दहा मिनिटं झाली तरी बदल मोजता येतो. तीन नंबर उतरवायला मध्यावरचे वीसएक मायक्रॉन पुरतात. डोळ्याचा जो पडदा आपण इतका नाजूक समजतो, तो स्वतःला रात्रीत असा मांडतो आणि लेन्स थांबवली की पुन्हा पहिल्यासारखा होतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण या लेन्सचं खरं महत्त्व चष्मा सुटण्यात नाही. ‘चष्मामुक्ती’ हा शब्द जाहिरातीचा आहे आणि तो पालकांचं लक्ष चुकीच्या ठिकाणी नेतो. लहान मुलांची लघुदृष्टी, म्हणजे मायनस नंबर, बहुतेक वेळा डोळा लांब वाढल्याने येते. प्रौढ माणसाचा निरोगी डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर असतो. एक मिलिमीटर लांबी जास्त झाली की नंबर अडीच-तीनने वाढतो. ताणलेल्या डोळ्यात आतला दृष्टिपटल पातळ पडतो, आणि नंबर फार मोठा असेल तर उतारवयात तो फाटण्याचा, सुटण्याचा धोका वाढतो. चष्म्याने दिसतं स्पष्ट, पण साध्या चष्म्याने ही वाढ थांबत नाही.

ऑर्थो-के लेन्सने ती मंदावते, असं प्रथम हाँगकाँगमध्ये पद्धतशीर दिसलं. तिथल्या पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या पॉलीन चो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पहिला अभ्यास २००५ चा. त्यानंतर २०१२ मध्ये त्यांनी सहा ते दहा वर्षांच्या मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून केलेल्या चाचणीचे निकाल दिले. दोन वर्षांत चष्म्याच्या मुलांचा डोळा सरासरी ०.६३ मिलिमीटर वाढला, लेन्सच्या मुलांचा ०.३६. म्हणजे वाढ ४३ टक्क्यांनी कमी. का, याचं आज सर्वाधिक मानलं जाणारं स्पष्टीकरण असं: साध्या चष्म्यातून मधली प्रतिमा दृष्टिपटलावर बरोबर पडते, पण कडेची त्याच्या मागे पडते, आणि डोळा तिला गाठायला लांबत जातो. ऑर्थो-केने जाड झालेलं कडं हीच कडेची प्रतिमा पुढे आणतं. हे मंदावणंही कायमचं गृहीत धरता येत नाही. चो यांनीच नंतर दाखवलं, की चौदाव्या वर्षाआधी लेन्स सोडली तर डोळ्याची वाढ पुन्हा वेग घेते.

आता दुसरी बाजू. १९९० च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये ही लेन्स झपाट्याने विकली गेली. नकाशा काढणारं यंत्र नाही, शिकलेला माणूस नाही, अशा ठिकाणीही मुलांच्या डोळ्यांवर ती चढवली गेली. २००१ च्या सुमारास कॉर्नियाला जंतुसंसर्ग होऊन जखमा झालेल्या मुलांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या. २००५ मध्ये जगभरातल्या पहिल्या ५० नोंदींचा आढावा निघाला, तेव्हा बहुतेक रुग्ण पूर्व आशियातले होते. निम्म्याहून जास्त संसर्ग स्यूडोमोनास या जिवाणूचे, आणि ३० टक्के अकँथअमीबाचे. हा अमीबा नळाच्या पाण्यात असतो. सर्वसाधारण लेन्सच्या संसर्गात तो क्वचित आढळतो, इथे त्याचं प्रमाण एवढं मोठं, कारण लेन्स नळाखाली धुतल्या जात होत्या.

आपल्या घरांसाठी मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे स्वच्छतेचं दुसरं नाव पाणी. भाजी, पेला, दाताची कवळी, सगळं आपण पाण्याने खळाळून घेतो. गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी लेन्सला आणि तिच्या डबीला ते लागता कामा नये. हात साबणाने धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे आणि मगच लेन्सला हात लावायचा. लेन्स फक्त तिच्या द्रावणाने चोळायची. डबी ठरल्या मुदतीत बदलायची. आठ वर्षांचं मूल हे रोज निगुतीने करील की नाही, हे नंबरापेक्षा आधी विचारायला हवं. खरं तर ते मूल नाही, घरातलं मोठं माणूस करील की नाही.

धोका आकड्यांत किती? अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १,३१७ जणांचा वापर तपासला. मुलांमध्ये संसर्गाचं प्रमाण दर दहा हजार मुलांमागे वर्षाला सुमारे १४ निघालं. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो, पण तो केवळ दोन रुग्णांवरून काढलेला आहे, आणि त्या दोघांचीही दृष्टी गेली नाही. तेव्हा त्याने घाबरून जाऊ नये, त्यावर निर्धास्तही राहू नये.

लेन्सचा विचार करण्याआधी एक फुकटचा उपायही आहे. २००८ मध्ये चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना झाली. सिंगापूरमध्ये २९.१ टक्के मुलांना लघुदृष्टी होती, सिडनीत ३.३ टक्के. सिडनीची मुलं आठवड्याला पावणेचौदा तास घराबाहेर असत, सिंगापूरची तीन. दिल्लीतल्या शाळांच्या पाहणीत, २०१५ च्या अहवालानुसार, १३.१ टक्के मुलांना लघुदृष्टी होती. आपल्या मुलांचे तास कुठे जातात, ते घरोघरी ठाऊक आहे. नंबर आलेल्या डोळ्याला ऊन पुरं पडत नाही, तिथे लेन्स, अॅट्रोपिनचे सौम्य थेंब किंवा खास भिंगाचे चष्मे लागतात. पण नंबर यायचा असेल तर तो उशिरा यावा, यासाठी मैदानासारखं औषध नाही.

लेन्स कोणाला द्यायची नाही, याचेही नियम आहेत. ज्याला डोळ्यांचा वारंवार संसर्ग होतो, ज्याचे डोळे कोरडे पडतात, त्याला नाही. केरॅटोकोनस असलेल्यालाही नाही. ज्या विकाराने न्यूटन वेस्लींना लेन्सकडे वळवलं, तोच विकार आज तपासणीत दिसला तर डॉक्टर ही लेन्स देत नाहीत.

आणि ज्यांना ती दिली जाते, त्यांनाही काही रात्री ती वर्ज्य असते. सकाळी लेन्स कधी डोळ्याला चिकटून बसते. तेव्हा ती ओढायची नाही, थेंब घालून, पापण्या मिटून-उघडून ती सैल होईपर्यंत थांबायचं. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना, तर त्या रात्री लेन्स डबीतच राहते, डॉक्टरांना त्याच दिवशी डोळा दाखवायचा, आणि शाळेत जाताना मुलाच्या नाकावर पुन्हा चष्मा येतो. म्हणून ही लेन्स वापरणाऱ्या घरात चष्मा जपून ठेवलेला असतो.