यादी नको, कारण सांगा

‘वन पीस’ ही जपानी ॲनिमे मालिका यापुढे वर्षाला जास्तीत जास्त २६ भागच दाखवणार, अशी घोषणा तोएई ॲनिमेशनने ऑक्टोबर २०२५ मध्ये केली आणि ॲनिमेच्या चाहत्यांमधला एक जुना वाद पुन्हा पेटला. २० ऑक्टोबर १९९९ रोजी सुरू झालेली ही मालिका जवळपास दर आठवड्याला, वर्षभर, सव्वीस वर्षे चालत आली. घोषणेनुसार तीन महिन्यांची विश्रांती आणि मग एप्रिल २०२६ पासून नवी चाल. जुने चाहते आनंदले, कारण कमी भागांत अधिक कथा येईल. पण ज्याने एकही भाग पाहिलेला नाही, त्याचा प्रश्न तसाच राहिला: आता तरी सुरू करू का? अकराशेहून अधिक भाग झाले आहेत. एक भाग चोवीस मिनिटांचा धरला तर साधारण साडेचारशे तास. रोज दोन तास दिले तरी साडेसात महिने. एवढा वेळ मागणारी शिफारस कुणी कुणाला कशाच्या बळावर करावी? चाहत्यांच्या या वादांकडे पोरखेळ म्हणून पाहिले जाते. मला ते चुकीचे वाटते. कोणती मालिका आधी, कोणती नंतर, किती भाग सोसायचे, कुठे थांबायचे, यावरची ही भांडणे म्हणजे सामान्य प्रेक्षकांनी स्वतः उभी केलेली समीक्षा आहे. फक्त तिच्यातला सर्वांत मोलाचा भाग, म्हणजे ‘का’, हल्ली गळून पडतो आणि हातात नुसती यादी उरते.

आपल्याकडे काय बघावे हा प्रश्न नवा आहे. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी मोगली येत असे, तेव्हा ती निप्पॉन ॲनिमेशनची जपानी मालिका आहे हे बहुतेक घरांत कुणाला माहीतही नव्हते. पुढे डोरेमॉन आणि शिनचॅन हिंदीत आले आणि एक अख्खी पिढी त्यांच्यावर वाढली. त्या काळी निवड चॅनेल करायचे, प्रेक्षक नाही. आता शेकडो मालिका मोबाइलवर एका बोटाच्या अंतरावर आहेत. १२ सप्टेंबर २०२५ ला ‘डेमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल’ जपानीसोबत हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही भारतीय चित्रपटगृहांत लागला. या चित्रपटाची कथा चार सीझन आणि आधीच्या ‘मुगेन ट्रेन’ या चित्रपटानंतर सुरू होते. मित्रांच्या आग्रहाने थेट तिकीट काढणाऱ्याला पडद्यावर कोण कुणाशी आणि का लढते आहे, हे कळायला मार्ग नव्हता. ‘आधी काय बघावे लागेल’ हा प्रश्न त्या आठवड्यात घरोघरी विचारला गेला असणार, आणि त्याचे उत्तर बहुतेकांना ‘अमुक बघ, जबरदस्त आहे’ इतकेच मिळाले असणार.

अशा वेळी माणूस आकड्यांचा आधार घेतो. दहापैकी किती गुण, पहिल्या पन्नासात कितवा क्रमांक. ‘मायॲनिमेलिस्ट’ या संकेतस्थळावर ‘फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड’ कित्येक वर्षे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून होती, २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्रीरेन’ने तिला खाली सरकवले. दोन्ही उत्तम मालिका आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण त्या यादीच्या वरच्या भागात एक विचित्र गोष्ट दिसते. ‘गिनतामा’चे नंतरचे सीझन तिथे रांगेने बसलेले असतात, ‘अटॅक ऑन टायटन’च्या तिसऱ्या सीझनचा उत्तरार्ध असतो, आणि त्याच मालिकांचे पहिले सीझन मात्र त्यांच्या खाली असतात. कारण साधे आहे. पहिला सीझन सगळे बघतात, ज्यांना रुचत नाही ते गळतात, आणि चौथ्या सीझनला गुण द्यायला फक्त प्रेमात पडलेले लोक उरतात. वारी पूर्ण करून पंढरपुरात पोहोचलेल्यांनाच वाट कशी होती हे विचारावे, तसे हे आहे. अर्ध्यातून परतलेल्यांचे मत त्या आकड्यात येतच नाही. त्यात आपल्या आवडत्या मालिकेला वर ठेवण्यासाठी प्रतिस्पर्धी मालिकेला दहापैकी एक गुण देण्याचे प्रकारही होतात. नव्या प्रेक्षकाला या आकड्यातून एवढेच कळते की कुणाला तरी काहीतरी फार आवडले. ते त्याला आवडेल का, हे कळत नाही.

याउलट चाहत्यांनी तोंडी परंपरेने जपलेले काही नियम आहेत आणि त्यांच्यात खरा अनुभव साठलेला आहे. ‘तीन भाग बघ, मग ठरव’ हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. शितावरून भाताची परीक्षा करावी, पण एका शितावरून नको, असा त्याचा अर्थ. तीनच भाग का, याचे उत्तर जपानी टीव्हीच्या रचनेत आहे. तिथे वर्षाचे चार तिमाही हंगाम असतात: जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर. एका हंगामात बारा-तेरा आठवडे, म्हणून आजच्या बहुसंख्य मालिका बारा-तेरा भागांच्या किंवा त्याच्या दुपटीच्या. बारा भागांची कथा सांगायची तर पहिल्या चतुर्थांशात पात्रे, जग आणि पेच उभे करावेच लागतात. जानेवारी २०११ मध्ये आलेल्या ‘माडोका मॅजिका’ने या नियमावर जणू शिक्कामोर्तब केले. दोन भाग गोड, गुलाबी, जादूई मुलींची नेहमीची गोष्ट वाटते आणि तिसऱ्या भागाच्या शेवटी पायाखालची जमीन सरकते. पण हा नियम सर्वांना लागू करणे ही पुन्हा आंधळी यादीच. त्याच वर्षीची ‘स्टाइन्स;गेट’ चोवीस भागांची आहे आणि तिचा पेच बाराव्या भागाच्या सुमारास आवळला जातो. नमनाला घडाभर तेल म्हणून ती तिसऱ्या भागात सोडणारे पुष्कळ. ‘ही मालिका मुद्दाम संथ आहे, पूर्वार्धातल्या बारीकसारीक गोष्टी उत्तरार्धात हिशेब मागतात’ एवढे एक वाक्य कुणी आधी सांगितले, तर त्यातले बरेच जण टिकतील.

वर्षभर अखंड चालणाऱ्या मालिकांचे गणित निराळे आहे आणि ‘वन पीस’चा नवा निर्णय नेमका तिथेच हात घालतो. मूळ कथा मांगा म्हणजे जपानी चित्रकथेच्या साप्ताहिकात येते, आठवड्याला एक प्रकरण. ॲनिमेचा एक भाग दोन प्रकरणे सहज गिळतो. म्हणजे ॲनिमे मूळ कथेला गाठणार हे ठरलेलेच. मग दोन उपाय उरतात. एक, मूळ कथेत नसलेले भरताड, ज्याला चाहते ‘फिलर’ म्हणतात: पहिल्या ‘नारुतो’च्या २२० भागांतले शेवटचे ऐंशीएक भाग जवळपास पूर्ण फिलर आहेत. दुसरा उपाय ‘वन पीस’ने घेतला, म्हणजे कथा ताणणे. मागच्या भागाची लांबलचक उजळणी, एकेका चेहऱ्यावर रेंगाळणारा कॅमेरा, एका भागात एका प्रकरणाहून कमी मजकूर. ‘ड्रेसरोझा’ पर्व शंभराहून अधिक भाग चालले, ते असे. या ताणाला कंटाळून काही चाहत्यांनी स्वतः कात्री हातात घेतली आणि ‘वन पेस’ नावाने आटोपशीर संकलन केले. आता खुद्द निर्मात्यांनीच वेग बदलला, म्हणजे त्या चाहत्यांची तक्रार रास्त होती असेच म्हणावे लागेल. ‘पुढे फार छान होते’ असे सांगणाऱ्याने म्हणूनच सांगावे की पुढे म्हणजे कितव्या भागाला, आणि तोवरचे कोणते भाग टाळले तरी कथा तुटत नाही. वेळ समोरच्याचा जाणार आहे. त्याला खर्च आधी कळायलाच हवा.

सर्वांत रंगतदार वाद क्रमाचा, आणि मला यातच चाहत्यांची बुद्धी सर्वाधिक दिसते. ‘फेट’ मालिकेचे उदाहरण घ्या. टाइप-मून या संस्थेचा ‘फेट/स्टे नाइट’ हा मूळ संगणकीय कथाखेळ २००४ चा. त्यात एकाच कथेच्या तीन वाटा आहेत. पहिल्या वाटेवरची मालिका २००६ मध्ये आली, दुसरीवरची २०१४-१५ मध्ये, तिसरी २०१७ ते २०२० या काळात तीन चित्रपटांत. मध्येच २०११ मध्ये ‘फेट/झीरो’ आली, जी या सगळ्याच्या दहा वर्षे आधीची हकिकत सांगते. मग आधी काय बघायचे? एक पक्ष म्हणतो, काळानुसार चला, ‘झीरो’पासून, ती देखणी आहे, प्रौढ आहे, प्रेक्षक लगेच अडकतो. दुसरा पक्ष म्हणतो, ‘झीरो’ लिहिली गेली ती पुढची कथा ठाऊक असलेल्यांसाठी. तिथून सुरुवात केली तर ‘स्टे नाइट’ची बरीच रहस्ये आधीच फुटतात. मी दुसऱ्या पक्षाचा आहे. ‘झीरो’मध्ये या माणसांचे काय होणार हे आपल्याला माहीत असते आणि त्यांना नसते, तिचा सगळा करुण रस त्या अंतरातून येतो. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला अभिमन्यू चक्रव्यूहातून बाहेर येणार नाही हे माहीत असते, म्हणूनच बुवा तो आत शिरण्याचा प्रसंग रंगवू लागले की मंडपात शांतता पसरते. शेवट ठाऊक असणे हा तिथे रसभंग नाही, तोच रसाचा पाया आहे. पण ‘स्टे नाइट’चे तसे नाही, तिला अज्ञान लागते. एकाच विश्वातल्या दोन कथा प्रेक्षकाकडून दोन वेगळ्या अवस्थांची अपेक्षा करतात, हे ज्यांनी ओळखले त्यांची समज कुठल्याही समीक्षकाइतकी सूक्ष्म म्हटली पाहिजे.

क्योटो ॲनिमेशनच्या ‘हारुही सुझुमिया’ने तर हा वाद स्वतःच निर्माण केला. २००६ मध्ये तिचे चौदा भाग मुद्दाम उलटसुलट क्रमाने दाखवले गेले. घटनाक्रमाने जो कळस सहाव्या भागात येतो, तो प्रक्षेपणात सगळ्यात शेवटी आला. २००९ मध्ये नव्या भागांची भर घालून तीच मालिका कालक्रमाने दाखवली, आणि कळस एकदम सुरुवातीलाच उरकला. त्यानंतरचे भाग उताराला लागल्यासारखे वाटतात. घटना त्याच, चित्रे तीच, पण क्रम बदलताच परिणाम बदलला. ‘कोणत्या क्रमाने बघू’ हा प्रश्न किरकोळ वाटणाऱ्यांसाठी एवढा पुरावा पुरे व्हावा.

यावर काही आक्षेप येतात आणि ते वजनदार आहेत. पहिला असा की कारण सांगायला गेले तर गुपित फुटते. ‘माडोका’ का बघ, हे खरेपणाने सांगितले तर तिसऱ्या भागाचा धक्काच संपला. खरे आहे. पण घटना न सांगता वृत्ती सांगता येते: ‘चित्रे गोड आहेत, कथा क्रूर आहे, लहान मुलांसोबत बसू नका.’ एवढ्याने काही फुटत नाही आणि चुकीच्या प्रेक्षकाला त्रासही होत नाही. आपल्याकडे तर हे सांगणे अधिक गरजेचे आहे, कारण चित्रे हलली की ते मुलांचे, अशी समजूत घट्ट आहे. खुद्द शिनचॅनची मूळ मांगा १९९० मध्ये प्रौढांच्या साप्ताहिकात सुरू झाली होती. दुसरा आक्षेप असा की लोकप्रिय मालिकाच सुचवावी, कारण तिच्याबद्दल बोलायला माणसे भेटतात. एकट्याने पाहिलेल्या उत्तम मालिकेपेक्षा चारचौघांत चर्चिली गेलेली मध्यम मालिका अधिक आनंद देते. हा मुद्दा मी मान्य करतो. ‘सोबत’ हे पाहण्याचे अगदी न्याय्य कारण आहे. मात्र मग तेच कारण उघड सांगावे, ‘सर्वश्रेष्ठ’ हा शिक्का मारू नये. तिसरा आक्षेप ‘वन पीस’च्या चाहत्यांचा: ही लांबी दोष नाही, तोच तिचा गाभा आहे, वर्षानुवर्षे सोबत वाढलेल्या पात्रांचा निरोप जसा लागतो तसा बारा भागांत लागणार नाही. बरोबर. पण सव्वीस वर्षे आठवड्याला एक भाग बघणे आणि साडेसात महिन्यांत सगळे उरकणे हे अनुभव सारखे नाहीत. ज्याला तो गाभा हवा असेल, त्याला सावकाश बघण्याचाच सल्ला द्यावा.

या सगळ्यातून माझा पक्ष स्पष्ट आहे. शिफारस करणाऱ्याने आधी दोन गोष्टी विचाराव्यात: तुझ्याकडे वेळ किती आहे, आणि शेवटचे कोणते पुस्तक, नाटक किंवा सिनेमा तुला मनापासून आवडला? रहस्यकथा वाचणाऱ्याला ‘मॉन्स्टर’ सांगावी. ७४ भाग आहेत, कथा जर्मनीत घडते, नायक शल्यविशारद आहे, कुणाच्या हातातून वीज निघत नाही. शांत, रानावनातल्या कथा आवडणाऱ्याला ‘मुशिशी’ सांगावी. २६ भाग, प्रत्येक जवळपास स्वतंत्र, आठवड्याला एक पाहिला तरी धागा सुटत नाही. साडेचारशे तासांचे काम नवख्याच्या गळ्यात पहिल्याच दिवशी घालू नये, मग ती मालिका कितीही थोर असो. आणि ज्याने आजवर काहीच पाहिले नाही, त्याच्यासाठी माझी निवड शिनिचिरो वातानाबे यांची १९९८ ची ‘काउबॉय बिबॉप’. २६ भाग, पूर्ण झालेली, फिलर नाही, बहुतेक भाग स्वतंत्र, योको कान्नो यांचे जॅझ संगीत. तिचा पाचवा भाग आज रात्री बघा. आवडला तर उद्या पहिल्यापासून सुरुवात करा. नाही आवडला तर तुमची चोवीस मिनिटेच गेली असतील.